दहापैकी चार

नोव्हाय, मिशिगन
६ ऑक्टोबर २०२४

ती. नंदूदादास,
वीणाचा सा. न. वि. वि.

अक्षर वेडंवाकडं आलंय, त्याबद्दल आधीच रागावून घे. हॉलमध्ये जमिनीवर उताणी पडून, गुडघ्यांखाली दोन उशा घेऊन, अनिकाचं चित्रकलेचं पॅड डोळ्यांसमोर उंच धरून लिहितेय. बॉलपेन असं उलटं धरलं की दोन ओळींत कोरडं पडतं, म्हणून पेन्सिल. फोन का करत नाहीस, असं तू मागच्या पत्रात विचारलं होतंस. या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत रे. खाली कुजबुजलं तरी वर अनिकाच्या खोलीत ऐकू जातं. आणि तुझ्याशी खोटं बोलायला मला जमत नाही, बाकी सगळ्यांशी जमतं. म्हणून वर्षभर हा पत्रांचा उद्योग.

पाठ तशीच आहे, म्हणजे वाईट. कमरेतला एक मणका पुढे सरकलाय आणि शीर दाबतोय, हे तीन वर्षांपूर्वी एमआरआयमध्ये दिसलं. तेव्हापासून फिजिओथेरपी झाली, तीन इंजेक्शनं झाली, पट्टा झाला, शिवांगीवहिनीनं पाठवलेलं तेल झालं. त्या तेलाच्या वासानं अनिका ताट घेऊन वर जेवायला जायची. आता दहा मिनिटांच्या वर बसवत नाही. बसलं की कमरेतून सणक निघते ती डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. आणि माझी नोकरी काय, तर गाड्यांच्या सीटा आरामशीर आहेत की नाहीत हे तपासायची! हस, खुशाल हस. मीही हसते, फक्त हळू, कारण जोरात हसलं की कळ येते.

नोकरी सोड, असं पुन्हा लिहू नकोस. कृष्णाची नोकरी गेल्यापासून नवरा, मी, लेक, तिघांचा विमा माझ्या कंपनीकडून आहे. पाठीसाठी नोकरी सोडली तर विमा जाणार आणि विमा गेला तर पाठ कोण बघणार? ऑफिसात उभ्यानं काम करायचं टेबल मागून घेतलंय. तब्येतीसाठी चांगलं असतं म्हणून, असं सगळ्यांना सांगितलंय. कृष्णाला पाठ दुखते एवढं ठाऊक आहे, किती ते नाही. रोज अर्ज पाठवून रोज नकार वाचणाऱ्या माणसाच्या डोक्यावर आणखी काय ठेवायचं?

परवा एक वाईट गोष्ट केली. अनिकाच्या शाळेच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता आणि व्हायोलिनचा एक तुकडा ती पहिल्यांदाच एकटी वाजवणार होती. मला मीटिंग आहे, येता येणार नाही, असं मी तिला सांगितलं. पण मी गेले होते, दादा. कृष्णा तिला घेऊन गेल्यावर दुसऱ्या गाडीनं गेले आणि शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून उभी राहिले. तिचा तुकडा पुरा ऐकला. मग पाय बधिर झाला, तशी बाहेर येऊन गाडीत मागच्या सीटवर आडवी झाले. काय वाजवलं रे पोरीनं! आता ती माझ्याशी बोलत नाही, इंग्रजीतसुद्धा नाही. खरं सांगावं तर पाठीचं सगळंच सांगावं लागेल. अकरावीतल्या मुलीला आईचं दुखणं कशाला?

घरच्या डॉक्टरांनी शेवटी स्पाइन सर्जनकडे पाठवलंय. मिळालेली तारीख: १८ मार्च. पाच महिने! मार्चपर्यंतचे दिवस मी कसे काढू, मला खरंच कळत नाही.

कळावे. तुझा लोभ माझ्या पाठीपेक्षा ताठ राहो. वहिनीला नमस्कार सांग, पण हे पत्र तिला दाखवू नकोस. ती लगेच कृष्णाला फोन करील.

तुझी,
वीणा

---

अल्फारेटा, जॉर्जिया
१५ ऑक्टोबर २०२४

चि. वीणास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा, पाठ सोडून कुठेही.

पत्र वाचलं आणि मनगट आठवलं. तू सातवीत होतीस. स्कॉलरशिपच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी जिन्यावरून पडलीस, उजवं मनगट मोडलं, आणि कुणाला न सांगता रुमाल बांधून दोन्ही पेपर लिहून आलीस. संध्याकाळी हात सुजला तेव्हा घरात कळलं. बाबांनी महिनाभर आल्यागेल्याला सांगितलं की पोरगी रडली नाही. त्याच वर्षी मी दाढ काढताना ओरडलो, तर कॉलेजात जाईपर्यंत घरात माझं नाव भोंगा. तुला शाबासकी, मला भोंगा. तेव्हा मला तुझा हेवा वाटायचा. आता वाटतं, भोंगा होतो तेच बरं होतं.

मार्चची तारीख मला मान्य नाही. अशा ठिकाणी रोज कुणी ना कुणी तारीख रद्द करतं. ती जागा जो त्या वेळी फोनवर असतो त्याला मिळते, हे मला शिवांगीच्या गुडघ्याच्या वेळी कळलं. त्यांची लाइन सकाळी आठला उघडते. उद्यापासून रोज आठ वाजता मी फोन करणार. तू फक्त त्यांना माझं नाव देऊन ठेव. जन्मतारीख मला ठाऊक आहे आणि ती मी एका दिवसानंही अलीकडे सांगणार नाही. त्या रिसेप्शनच्या बाईनं आवाज ओळखून उसासा टाकेपर्यंत करीन. तू म्हणतेस मी रिकामटेकडा आहे, तर एकदा उपयोग होऊ दे.

अनिकाला सांग. ऐकणार नाहीस, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

येथे क्षेम. तेथील क्षेम खरं असेल तेवढंच कळव.

तुझा,
नंदूदादा

---

नोव्हाय
२४ नोव्हेंबर २०२४

ती. नंदूदादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या एकतीस फोननंतर त्या बाईनं हार मानली! गुरुवारची जागा मिळाली आणि आम्ही जाऊन आलो. कृष्णानं गाडी चालवली. मी मागे आडवी. जरा झोप काढते, असं त्याला सांगितलं.

डॉक्टरकडे गबाळं जायचं नाही, ही आईची शिस्त. म्हणून इस्त्रीचा कुर्ता, लिपस्टिक, केस नीट. तिथे खुर्चीत पंचवीस मिनिटं बसावं लागलं. लोकांसमोर जमिनीवर कुठे पडायचं? समोरच्या फरश्या मोजत बसले. नर्स आली, कशी आहेस म्हणाली. मी छान आहे म्हणाले, तिलाही विचारलं. बिचारीला बरं वाटलं.

मग तिनं विचारलं, दुखणं दहापैकी किती? इथे मात्र मी नीट विचार केला, कारण हा माझा धंदा आहे. आमच्या लॅबमध्ये अशीच पट्टी असते. शून्य म्हणजे काही जाणवत नाही, दहा म्हणजे असह्य. माणसं सीटवर दोन-दोन तास बसवायची आणि आकडे घ्यायचे. तीनच्या वर गेली की ती सीट नापास. चार आला की मीटिंगा बसतात, लोक एकमेकांवर ढकलतात. आठ-नऊ सांगणारा माणूस कच्चा समजतात, त्याला पुन्हा बोलवत नाहीत. वीस वर्षांत मी स्वतः पाचाच्या वर कधी गेलेली नाही. तेव्हा चार म्हणताना मला लाजच वाटली, जरा जास्त तर होत नाही ना म्हणून. पण म्हटलं, आता नाही तर कधी. सांगून टाकलं.

सर्जनबाई फार चांगल्या. एमआरआय बघून म्हणाल्या, स्क्रू घालून दोन मणके जोडायचे. दहातल्या सात जणांना चांगला आराम पडतो. मात्र फार थांबू नका, शीर फार दिवस दबून राहिली की नंतर मोकळी केली तरी रुसून बसते. आता विम्याची परवानगी आली की तारीख. तीन-चार आठवडे लागतील.

परत येताना मागे पडल्या पडल्या रडत होते. कृष्णाला वाटलं ऑपरेशनला घाबरले. अरे, आनंदानं रडत होते. तीन वर्षांनी कुणीतरी म्हणालं की हे जाऊ शकतं.

कळावे. लोभ एकतीस पटींनी वाढल्याचं जाणवतंय, तो उतरू देऊ नकोस.

तुझी,
वीणा

---

अल्फारेटा
५ डिसेंबर २०२४

चि. वीणास,
अ. आ.

घाईत लिहितोय, पण आजच लिहायचं होतं. शिवांगीनं शिरा केला. कशाबद्दल ते तिला सांगितलं नाही, मी सकाळचे फोन बंद केले याबद्दल असं ती समजते.

खरं सांगू? तुझा आकडा वाचून मला हायसं वाटलं. तुझ्या पत्रांवरून मी मनाशी नऊ धरून चाललो होतो. चार म्हणजे ठीक आहे, निभेल. उगाच काळजी करत होतो म्हणायचं.

तारीख कळव, तिकीट काढतो.

तुझा,
नंदूदादा

---

नोव्हाय
१२ जानेवारी २०२५

ती. नंदूदादास,
सा. न. वि. वि.

नाही म्हणाले.

दोन पानी पत्र आलंय विमा कंपनीचं. सोबत सर्जनच्या ऑफिसातल्या नोंदींचे उतारे जोडलेत. पेशंट स्वतः आपली वेदना दहापैकी चार सांगते. पेशंट प्रसन्न दिसते, नीटनेटकी आहे. तपासणीपूर्वी खुर्चीत विनातक्रार बसली होती. तब्येत छान असल्याचं म्हणाली. पूर्ण वेळ नोकरी करते, घरकाम करते. सबब हे ऑपरेशन सध्या आवश्यक दिसत नाही. सहा आठवडे पुन्हा फिजिओथेरपी करून पाहावी.

एकही शब्द खोटा नाही, दादा. सगळं मीच सांगितलंय. मी माझ्या हातानं माझी सीट पास केली.

सर्जनच्या ऑफिसातली बाई फोनवर म्हणाली की चार हा आकडा म्हणजे किरकोळ. बरेच लोक आठ सांगतात, चालत येऊन आठ सांगतात. मला ओरडावंसं वाटलं की चारला आम्ही अख्खी सीट मोडून टाकतो! पण मी तिला धन्यवाद म्हटलं आणि फोन ठेवला. आता चार बदलून नऊ कसा सांगू? त्यांना वाटणार, नकार आल्यावर बाईनं आकडा वाढवला. अपील करता येतं म्हणे. पण त्यासाठी त्या वेळचा पुरावा हवा. वेदनेची डायरी ठेवली आहे का, असं विचारत होती. मी कुठे काय लिहून ठेवलंय?

बुधवारी ऑफिसातून आले आणि गराजमध्ये गाडीतून उतरताच येईना. पाय माझा नव्हताच. हॉर्न वाजवला असता तर कृष्णा आला असता. नाही वाजवला. अर्धा तास तशीच पडून होते स्टिअरिंगवर डोकं ठेवून. वाटलं, आता पुरे. उद्याचा दिवस उगवू नये. जीव नकोसा झालाय, दादा. घाबरू नकोस. तुला लिहिलं की थोडं उतरतं, म्हणून लिहिते.

कळावे. बाकी काही मागत नाही, लोभ तेवढा काढून घेऊ नकोस.

तुझी,
वीणा

---

अल्फारेटा
२७ जानेवारी २०२५

चि. वीणास,
अ. आ.

तुझं पत्र हातात पडलं तसा तडक विमानात बसलो, हे तुला माहीतच आहे. आता परत येऊन लिहितोय, कारण तुझ्या घरात दोन दिवस राहून मला एक अक्षर बोलता आलं नाही. तू पोहे केलेस, उभ्या उभ्या. हसलीस. कृष्णाला म्हणालीस, दादाला माझी उगाच काळजी. मी बघतच राहिलो. पत्रातली वीणा आणि या स्वयंपाकघरातली वीणा, मला दोन बायका दिसल्या. पहिली ओळखीची नसती तर मीसुद्धा त्या नर्ससारखं प्रसन्न म्हणून लिहून मोकळा झालो असतो. एक मात्र बरं झालं, निघण्याआधी गाडीत तू मला शब्द दिलास आणि गराजमधलं सगळं घरच्या डॉक्टरांना सांगून आलीस. तसं पुन्हा वाटलं तर पत्राची वाट बघायची नाही. तिथल्या तिथे फोन, डॉक्टरांना आणि मला. हा सल्ला नाही, हुकूम आहे.

आणि मला माफ कर. तुझा चार वाचून मी शिरा खाल्ला.

आता कामाचं. तू म्हणतेस डायरी नाही. वीणे, माझ्या कपाटात तुझी चौदा पत्रं आहेत. प्रत्येकावर तारीख, पाकिटांवर पोस्टाचे शिक्के. नकार येण्याच्या कितीतरी आधीची. कुठल्या दिवशी किती मिनिटं बसलीस, कधी पाय बधिर झाला, कुठे पडलीस, सगळं आहे. मी सर्जनच्या ऑफिसात फोन केला. ती बाई मला विसरलेली नाही. म्हणाली, पत्रं चालतील, इंग्रजी भाषांतर जोडा आणि भाषांतर करणाऱ्यानं सही करावी.

तू हो म्हण. बाकीचं मी बघतो.

तुझा,
नंदूदादा

---

नोव्हाय
५ फेब्रुवारी २०२५

ती. नंदूदादास,
सा. न. वि. वि.

तुला वाटतं तितकं ते सोपं नाही. त्या पत्रांत ऑर्केस्ट्रा आहे, गराज आहे. मागच्या उन्हाळ्यात मी अनिकाच्या अंगावर ओरडले आणि मग बाथरूममध्ये तोंडात टॉवेल कोंबून बसले, तेही आहे. त्या पत्रांतल्या बाईला या घरात कुणी ओळखत नाही. मला तिची लाज वाटते.

पण काल लॅबमध्ये उभ्या उभ्या पाय वाकला आणि मी नव्या सीटच्या पाठीला धरून राहिले. साहेबांनी पाहिलं. आता फार दिवस लपणार नाही. नोकरी गेली की सगळंच गेलं, ऑपरेशनचं नावसुद्धा नको.

म्हणून हो म्हणते, एका अटीवर. भाषांतर तू करायचं, आणि पत्रं तुझ्याकडून थेट सर्जनच्या ऑफिसात जायची. परक्यांनी वाचलं तर वाचू दे. कृष्णाच्या आणि अनिकाच्या हाती एक ओळ पडता कामा नये. शब्द दे.

कळावे. लोभ आहे म्हणूनच अट घालते.

तुझी,
वीणा

---

अल्फारेटा
१९ फेब्रुवारी २०२५

चि. अनिकास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

अक्षर मुद्दाम मोठं आणि सुटं काढलंय. रविवारच्या मराठी शाळेत तू पाच वर्षं रडत का होईना गेलीस, त्याची आज मला फार गरज पडली आहे.

सोबत तुझ्या आईनं मला वर्षभरात लिहिलेली चौदा पत्रं आहेत. तिला तीन वर्षं पाठीचा भयंकर त्रास आहे. विम्यानं ऑपरेशन नाकारलंय, कारण तिनं तो त्रास डॉक्टरांना दहापैकी चार सांगितला. ही पत्रं तिचा एकच पुरावा आहे. त्यांचं इंग्रजी मी करीन, तुला आणि बाबांना दाखवणार नाही, असा शब्द मी तिला दिला होता. तो शब्द मी आज मोडतोय. का, ते सांगतो.

दोन आठवडे मी भाषांतराला बसलो. काल पहिल्यापासून वाचून पाहिलं. तिनं लिहिलं होतं, जीव नकोसा झालाय. मी इंग्रजीत लिहिलं होतं की तिला हल्ली फार थकवा येतो. तिनं लिहिलं होतं, रांगत बाथरूमला गेले. मी लिहिलं, चालायला थोडी अडचण होते. मी खोटं लिहायचं ठरवलं नव्हतं बाळा, माझा हातच तसा वळला. बहिणीबद्दल असलं परक्यांना सांगायचं नाही, हे आमच्यात फार खोल गेलंय. मीही तिला चार केलं. तू तसं करणार नाहीस. तुला जे दिसतं ते तू सरळ बोलतेस, आम्ही सगळे त्यावरून तुला रागावतो.

पण आधी हे वाच. यात जड गोष्टी आहेत, शेवटच्या पत्रात तर फारच. एकटीनं वाचू नकोस, बाबांना शेजारी बसव. वाचवलं नाही तर बंद कर आणि मला फोन कर, मी दुसरा माणूस शोधीन, तुझ्यावर मुळीच रागावणार नाही. वाचलंस तर ऑक्टोबरचं पत्र आधी वाच, सहा तारखेचं. ते तुझ्यासाठीच आहे असं मला नेहमी वाटत आलंय.

तुझा,
नंदूमामा

---

नोव्हाय
४ मार्च २०२५

नंदूदादास,

तू शब्द मोडलास.

काल संध्याकाळी ऑफिसातून आले तर जेवणाच्या टेबलावर माझी पत्रं पसरलेली. एका बाजूला अनिका, एका बाजूला कृष्णा. कृष्णाच्या हातात जानेवारीचं पत्र. मी तशीच वर गेले आणि दार लावून घेतलं.

आयुष्यभर एका माणसाजवळ मन मोकळं केलं. आता तेही दार बंद. पुन्हा लिहीन असं वाटत नाही.

वीणा

---

अ‍ॅन आर्बर, मिशिगन
२० मे २०२५

प्रिय नंदूमामा,
नमस्कार.

हे माझं पहिलं मराठी पत्र आहे. मी इंग्लिशमध्ये लिहिणार होते, पण आईची चौदा पत्रं वाचल्यावर ते बरोबर वाटलं नाही. बाबा माझ्या शेजारी बसले आहेत आणि स्पेलिंग सांगत आहेत. आम्ही हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये आहोत. आईला आत नेऊन एक तास झाला. अजून चार तास लागतील. तू तुझ्या घरी फोन हातात घेऊन बसला असशील. आईनं तुला येऊ दिलं नाही म्हणून तू दुखावला आहेस, ते मला माहीत आहे. पण ऑपरेशनची तारीख तुला कळव असं तिनंच मला सांगितलं, म्हणजे ती आता थोडीच रागावलेली आहे.

तू फोनवर मला विचारत होतास की मार्चमध्ये नक्की काय झालं. तेव्हा मी काही सांगितलं नाही. आता सांगते.

मी सहा तारखेचं पत्र आधी वाचलं. मला तीन वेळा वाचावं लागलं, कारण मला वाटलं मी चुकीचं वाचतेय. त्या दिवशी वाजवताना मी बाबांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. मागच्या भिंतीकडे बघितलंच नाही. मी पाच महिने आईशी नीट बोलले नव्हते, मामा.

आई दार लावून बसली तेव्हा मी दारात बसले. बराच वेळ. मग मी व्हायोलिन आणलं आणि दाराबाहेर तोच तुकडा वाजवला. ती बाहेर आली नाही. पण तिनं आतून विचारलं की मधला भाग आता जास्त हळू का घेतेस. मग मला कळलं की तिनं तेव्हा खरंच नीट ऐकलं होतं. मग तिनं दार उघडलं आणि ती जमिनीवर पडली, म्हणजे नेहमी पडते तशी, आणि मी आणि बाबा तिच्या दोन बाजूंना पडलो. बाबा खूप रडले. ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होते की तू हॉर्न का वाजवला नाहीस.

भाषांतराला मला तीन आठवडे लागले. आईच्या पत्रांत कळ आहे, ठणका आहे, सणक आहे, चमक आहे, रग आहे. माझ्याकडे सगळ्यासाठी इंग्लिशमधला पेन हा एकच शब्द होता. बाबा मला प्रत्येक शब्द स्वतःच्या हातापायावर दाखवून समजावत होते. मग मी प्रत्येकाच्या जागी पूर्ण वाक्य लिहिलं. मी काही सॉफ्ट केलं नाही. सगळ्यात पुढे मी एक पान जोडलं आणि त्यात आईच्या लॅबची पट्टी समजावली, की तिथे चारला सीट नापास होते आणि माझी आई वीस वर्षं त्या पट्टीवर काम करते. सर्जनबाईंनी फोनवर मला सांगितलं की ते पान वाचून त्यांनी स्वतःचं मोठं पत्र लिहिलं. पहिल्या अपीलला पण नकारच आला. दुसऱ्या वेळी विमा कंपनीबाहेरच्या डॉक्टरांनी वाचलं आणि एप्रिलच्या शेवटी हो आलं.

सर्जनबाई म्हणाल्या की आता सातची खात्री त्या देणार नाहीत. शीर फार दिवस दबलेली आहे. कदाचित अर्धं दुखणं राहील. मी खूप घाबरले आहे. बाबा म्हणतात ते नाही घाबरले, पण त्यांनी कॉफी दोनदा सांडली.

आता सकाळचं सांगते, त्याच्यासाठीच हे पत्र आहे. आईला गाऊन घालून बेडवर ठेवलं होतं. घरून निघताना तिनं लिपस्टिक लावली होती, ती नर्सनं पुसायला लावली. मग त्या नर्सनं विचारलं की आज दुखणं दहापैकी किती. आई हसली. तेच हसू, तुला माहीत आहे ते. आणि तिनं चार म्हणायला तोंड उघडलं. मला दिसलं, मामा, तिच्या ओठांवर तो शब्द आला होता. मी तिचा हात धरला आणि तिला मराठीत म्हणाले की नंदूमामाला लिहितेस तसं सांग.

ती माझ्याकडे बघत राहिली. नर्स थांबली. मग आईनं नऊ सांगितलं. आणि ती जोरात रडायला लागली, सगळ्यांसमोर, त्या नर्ससमोर, लहान मुलीसारखी. बाबांनी ते पत्रांत वाचलं होतं, पण तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ते खुर्चीत बसले. नर्सनं आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि समोरच्या पांढऱ्या बोर्डवर नऊ लिहिलं.

आत नेताना आईनं मला दोन निरोप दिले. पहिला, नंदूदादाला सांग की मी भोंगा झाले. तो काय ते मला कळलं नाही, बाबांनाही नाही. दुसरा, त्याला सांग की पेन्सिलला टोक करून ठेवलं आहे.

आईच्या पत्रांत शेवटी असतं तसं मीही लिहिते. माझ्यावर लोभ असू दे, आणि आज दिवसभर सगळा आईवर असू दे.

तुझी,
अनिका